झोपाळा घ्यावा का? दीड वर्ष झोके घेऊन सांगते

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. घ्या. पण घर स्वतःचं असेल, पुढे-मागे मिळून 8 फूट मोकळी जागा असेल आणि वरच्या मजल्यावरच्यांशी तुमचं बोलणं चालू असेल तरच घ्या. भाड्याच्या घरात राहत असाल तर थोडं थांबा, तुमच्यासाठी खाली लिहिलंय.

आता जरा मागून सुरुवात करते, कारण आमच्या घरी झोपाळा आला तो एका फसलेल्या सहलीतून. फसलेली म्हणजे ठरवल्यासारखी न झालेली.

मी एका सहकारी बँकेत नोकरी करते, नवरा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. वर्षातून एकदा दोघांच्या सुट्ट्यांचं गणित जमवून कुठेतरी जायचं, हा आमचा शिरस्ता. ग्रुप टूर. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला गाडीत बसा. असं हिमाचल केलं, राजस्थान केलं, केरळ केलं. 'केलं' हेच क्रियापद आम्ही वापरायचो, जसं भांडी केली, पोळ्या केल्या. मुन्नारचे चहाचे मळे मला आठवतात ते खिडकीच्या काचेतून, कारण बस थांबली तेव्हा अर्धी बस बाथरूमच्या रांगेत होती. जैसलमेरला सममधल्या वाळूवर सूर्यास्त बघायला पोचलो तेव्हा सूर्य होता, पण पुढ्यात उंटांची आणि माणसांची इतकी गर्दी की तो मावळला हे टाळ्यांवरून कळलं. घरी आलं की दोन दिवस धुणं, तिसऱ्या दिवशी ऑफिस. एकदा सहलीहून आल्यावर ऑफिसातल्या एकीने विचारलं, "बरं नव्हतं का तुला?"

2023 च्या मे महिन्यात लेकीने बंड केलं. टूर नको, कोकणात जाऊ, स्वतःची गाडी, स्वतःचा वेळ. ठीक आहे म्हटलं. पण स्वभाव कुठे जातो? नवऱ्याने कागदावर चार दिवसांचा तक्ता केलाच. गुहागरचा व्याडेश्वर, दुर्गादेवी, अंजनवेलचा गोपाळगड, हेदवीचा दशभुजा गणपती, भरतीची वेळ बघून बामणघळ, वेळणेश्वर, धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ. प्रत्येकापुढे मिनिटं.

उंब्रजला हायवे सोडून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो. घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते, तेव्हा कळतं कोकण आलं. चिपळूणला जेवलो आणि दुपारी गुहागर. खालच्या पाटात, म्हणजे गावाच्या त्या नावाच्या भागात, एका घरी राहायची सोय केली होती. तिथल्या बऱ्याच घरांची तऱ्हा अशी की पुढचं दार रस्त्याला आणि मागीलदारी नारळ-सुपारीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि समुद्र. घर लांबलचक, जांभ्या दगडाचं, आणि ओटीवर उंच तुळईला टांगलेला झोपाळा. पाट इतका रुंद की त्यावर आडवं होता येईल. लोखंडी कड्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. त्याच्याकडे आम्ही पहिल्या दिवशी कुणी नीट बघितलंही नाही. त्यावर बॅगा ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तक्त्याप्रमाणे तीन ठिकाणं 'केली'. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना. बॅटरी. मेकॅनिक चिपळूणहून येणार, आज की उद्या ते त्यालाच माहीत नव्हतं. नवरा ओटीवर येरझाऱ्या घालत होता. घरमालक काका, वय सत्तरीच्या पुढचं, अंगात नुसती गंजी, सुपारी कातरत बसलेले. म्हणाले, "बसा हो जरा. गोपाळगड इतकी वर्षं उभा आहे, दोन दिवसांत कुठे जातोय?"

तेवढ्यात लाइट गेले. मेमधली दुपार, पंखा बंद, हवेचा पत्ता नाही. काकू आतून म्हणाल्या, "झोपाळ्यावर बसा, तोच आमचा पंखा." आम्ही तिघं बसलो. काकांनी पायाने एक रेटा दिला.

पुढचं काय सांगू? संध्याकाळपर्यंत आम्ही उठलो नाही. मध्ये जेवायला उठलो. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, भात, सोलकढी. जेवून परत तिथेच. लेक पाटावर आडवी झाली आणि झोपली, मी तिच्या पायाशी, नवरा खाली ओटीवर टेकून पायाने झोका देत. वाऱ्याची झुळूक स्वतःच तयार करायची आणि स्वतःच घ्यायची. मागच्या वाडीतून रहाटाचा आवाज येत होता. मी तीन तास कशाचाही विचार केला नाही, म्हणजे बँकेचा नाही, स्वयंपाकाचा नाही, उद्याचाही नाही. माझ्या आठवणीत असं पूर्वी कधी झालं असेल तर शाळेत असताना गोवर आला होता तेव्हा.

नवऱ्यातला मास्तर मात्र जागा होता. चारच्या सुमाराला त्याने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि जाहीर केलं: 10 झोक्यांना 36 सेकंद. मी म्हटलं, बरं मग? तर म्हणाला, झोक्याचा वेळ पाटावर माणसं किती यावर नसतो, कड्या किती लांब यावर असतो. लांब कडी, संथ झोका. ही तुळई तेरा फुटांवर आहे म्हणून हा असा डुलतोय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परतताना घाटात कुणी बोललं नाही. कोयनानगरला चहा प्यायला थांबलो तेव्हा लेक म्हणाली, "आपल्याकडे का नाही आपला?"

आता खरेदी.

सासूबाई मूळच्या अमरावतीच्या. त्यांना सांगितलं तर त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी चाकाचा शोध लावून आले. "आमच्या अमरावतीले घरोघरी बंगई राहे," म्हणाल्या. विदर्भात झोपाळ्याला बंगई म्हणतात, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या भेटीत त्या मला म्हणाल्या होत्या, "बंगईवर बस," आणि मी बांगड्यांचं काहीतरी असेल असं समजून हात पुढे केला होता. पुण्याला फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांची बंगई सुटली होती. त्यांनी एका शब्दात परवानगी दिली आणि वर निम्मे पैसे देते म्हणाल्या. तिथे विषय संपायला हवा होता. सुरू झाला.

पहिला प्रश्न: टांगायचा कुठे? यूट्यूबवर हौशी लोक स्लॅबला ड्रिल मारून हुक ठोकताना दिसतात. कृपा करून तसं करू नका. आम्ही सोसायटीची परवानगी घेतली आणि एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावलं. 2,000 रुपये घेतले त्यांनी, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात सत्कारणी लागलेला खर्च तो. त्यांनी सांगितलं की आमची स्लॅब 5 इंची, तिला खालून नुसते फास्टनर मारून माणसं टांगायची नाहीत. वजन सतत खाली ओढणार, त्यात हेलकावा, फास्टनर हळूहळू सैल होत जातो. हॉल आणि डायनिंगच्या मधल्या बीमला टांगा म्हणाले. तेही बीमच्या पोटात भोक पाडून नाही, कारण मुख्य सळया तिथे खालच्या बाजूलाच असतात. बीमच्या कुशीतून, मधोमध, आरपार बोल्ट घालायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टीचा यू आकाराचा ब्रॅकेट धरायचा. असे दोन ब्रॅकेट, प्रत्येकाला एक हुक, प्रत्येक हुकात दोन कड्या. तुमच्या घरी वेगळं असेल. तुमचा बीम तुमच्या इंजिनिअरला दाखवा, माझं वाचून ड्रिल उचलू नका.

वजनाचा हिशेब नवऱ्याने केला: पाट 25 किलो, कड्या 14, आम्ही तिघं बसलो तर 190. सव्वादोनशेच्या वर. शिवाय भाचरं आली आणि झोका चढवला, 30 अंशांपर्यंत गेला, तर तळातून जाताना कड्यांवर सव्वापटीहून थोडा जास्तच भार येतो. म्हणून हुक घेताना 'दोन माणसांचा' असं लिहिलेला घ्यायचा नाही.

दुसरा प्रश्न: पाट. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तीन शनिवार घातले. जुन्या वाड्यांचं सागवान विकणारी दुकानं आहेत तिथे. दारं, चौकटी, खांब, सगळं रचून ठेवलेलं. जुन्या सागाचं एक बरं असतं, ते जे काही वाकायचं-तडकायचं ते आधीच वाकून-तडकून झालेलं असतं. 5 फूट बाय 2 फूट, दीड इंच जाड, दोन फळ्या जोडून केलेला पाट ठरला. 13,500 रुपये. दुकानदाराने एका फळीवर जुन्या बिजागरीची खाच दाखवून "ही भरून देतो" म्हटलं. मी म्हटलं, राहू दे. कुणाच्या तरी घराचं दार होतं ते. आता आमच्या मांडीखाली आहे.

करवून घेताना तीन गोष्टी सांगा. एक, कोपरे गोल. हे मी घोट्याखेरीज इतर हाडांच्या अनुभवावरूनही सांगतेय. दोन, उंची. जमिनीपासून 18 इंच ही सर्वसाधारण उंची, पण घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर 20 ठेवा. सासूबाईंसाठी आम्ही 20 ला सुरुवात केली, मग माझे पाय टेकेनात, शेवटी 19 वर तह झाला. तीन, पाठ टेकायला कठडा हवा की नको. पारंपरिक पाटाला नसतो, दिसायला तोच सुरेख. पण आम्ही मागून एका बाजूला बुटका कठडा बसवून घेतला, कारण सासूबाई दहा मिनिटांत कंबर धरून उठायला लागल्या. दिसायला थोडं बाकासारखं झालं. चालतं.

सुताराबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितेच, नाव न घेता. जुलैमध्ये आगाऊ रक्कम घेतली. गणपतीच्या आधी देतो म्हणाला. मग गणपतीनंतर. मग पितृपक्षात नवीन वस्तू कशाला न्यायची ताई, म्हणाला, माझ्याच भल्यासाठी. मग दसरा. पाट आला तो दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी रात्री नऊला, आणि काम इतकं देखणं की भांडायचं ठरवून उघडलेलं तोंड मी चहा घेणार का विचारून मिटलं.

तिसरा प्रश्न: कड्या. इथे आम्ही फसलो, तर तुम्ही फसू नका. पाटाची वाट बघताना ऑगस्टमध्ये मी ऑनलाइन कड्या मागवल्या. 'अस्सल पितळ', हत्ती-मोरांची नक्षी, 4,200 रुपये. फोटोत राजवाडा. आल्या, गुंडाळून कपाटात ठेवल्या. दसऱ्याला काढून बघितल्या तर हत्तीच्या सोंडेवर गंज. पितळेला गंज? नवऱ्याने फ्रिजवरचं लोहचुंबक आणून लावलं, टक्कन चिकटलं. आतून लोखंड, वरून मुलामा. परत करायची मुदत 7 दिवस होती आणि ती ऑगस्टमध्येच संपून गेली होती. तेव्हा कड्या घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. अस्सल पितळेला ते चिकटत नाही. दुकानदार चिडला तर दुसरं दुकान. आम्ही शेवटी रविवार पेठेतून किलोवर घेतल्या, साध्या, बिननक्षीच्या, भरीव. 14 किलो, 15,400 रुपये. नक्षी नाही याचं आधी वाईट वाटलं. आता पितांबरी लावून घासताना वाटत नाही. हत्तीच्या कानामागचं काळं काढत बसणं हा विरंगुळा नव्हे.

ब्रॅकेट, बोल्ट, बसवण्याची मजुरी 6,500. सगळं मिळून 37,400, अधिक त्या सोंडवाल्या हत्तींचे 4,200. चौघांच्या केरळच्या सहलीला याच्या तिपटीहून जास्त गेले होते, हे लेकीने लगेच काढून दाखवलं. ही तुलना खरं तर चूक आहे, पण घरात मंजुरी मिळवायला उपयोगी पडते.

14 नोव्हेंबर 2023, पाडव्याची संध्याकाळ. पहिला मान सासूबाईंचा. त्या बसल्या, पाय जमिनीला टेकवला, रेटा दिला आणि डोळे मिटले. आम्ही तिघं समोर उभे, एखाद्या परीक्षकाचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे. दोन मिनिटांनी डोळे न उघडताच म्हणाल्या, "चहा आन."

नवऱ्याने अर्थात घड्याळ लावलं. 10 झोक्यांना 27 सेकंद. बीम खाली, कड्या आखूड, म्हणून झोका लगबगीचा. त्याला हे माहीत होतंच, तरी चेहरा पडला. गुहागरचे 36 पुण्यात मिळत नाहीत. फ्लॅटमध्ये झोपाळा घेणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावं: तुम्ही आजोळच्या झोपाळ्याची आठवण काढून पैसे मोजाल आणि घरी जो येईल तो त्याचा धाकटा, जरा घाईतला भाऊ असेल. वाईट नाही, पण तो नव्हे.

वापराचं सांगते. पहिला महिना नवलाईचा, त्यात सगळे सगळं करतात. खरं मत त्यानंतरचं.

चालत्या झोपाळ्यावर वाचता येत नाही. मला वाटलं होतं दुपारी पुस्तक घेऊन बसेन. चार ओळींत मळमळतं. मोबाईलचं तर विचारूच नका, आणि हाच या वस्तूचा सर्वात मोठा गुण आहे असं आता माझं मत झालंय. लेक कॉलेजातून आली की पंधरा मिनिटं झोपाळ्यावर बसते आणि तेवढ्या वेळात तिच्या हातात फोन नसतो, कारण धरताच येत नाही. त्या पंधरा मिनिटांत ती बोलते. मी शेजारी बसून मटार सोलते, गवार मोडते, आणि विचारलं नाही तेही कळतं. सोफ्यावर समोरासमोर बसलं की चौकशी वाटते. झोपाळ्यावर दोघी एकाच दिशेला बघत असतो.

चहा सांडतो. कप पाऊणच भरायचा, हा आमच्या घरचा नियम झालाय.

टीव्ही बघता येत नाही, कारण झोपाळा त्याला आडवा पडला. हॉलची मांडणी बदलावी लागली, तीन जणांचा सोफा विकला. तरी आल्यागेल्याला वाटेत लागतोच. रात्री पाणी प्यायला उठलेलं माणूस अंधारात नडगी आपटून घेतं. आम्ही चौघांनी प्रत्येकी किमान एकदा हा प्रसाद घेतलाय. आता रात्री पाट एका बाजूला ओढून कडीला दोरीने बांधून ठेवतो, गोठ्यात गाय बांधावी तसा.

रविवारी सकाळी 11 ते दुपारी 4 या वेळात त्यावर वाळलेले कपडे असतात, घडी घालायचे. हे प्रत्येक झोपाळ्याचं प्राक्तन असावं.

आणि आवाज. डिसेंबरात एके दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे रात्री जात्यावर दळता का हो?" मला काही कळेना. मग लक्षात आलं की हुकातली कुरकुर आम्हाला जेवढी ऐकू येते त्याहून जास्त ती बीममधून वर जाते. आमचं छत म्हणजे त्यांची फरशी. सासूबाईंचा सगळ्या कुरकुरीवर एकच उपाय, खोबरेल. तेच त्या दर आठवड्याला सोडत होत्या, आणि नोव्हेंबरात ते चाललंही. पण डिसेंबरच्या पहाटे पुण्यात खोबरेल बाटलीतही गोठतं, हुकात गोठणार नाही तर काय. वर ते धूळ धरून चिकट होतं. शेवटी हुक आणि कडीच्या मध्ये नायलॉनचा बुश घातला आणि वर्षातून दोनदा ग्रीस लावतो. कुरकुर थांबली. वरच्या काकू आता चैत्रात हळदीकुंकवाला येतात आणि आल्या आल्या त्याच झोपाळ्यावर बसतात, दळण काढत नाहीत.

चैत्राचं निघालं म्हणून. चैत्रगौरीला छोट्या पितळी झोपाळ्यात बसवायचं हे आमच्या घरी होतंच, तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत. 2024 च्या चैत्रात पहिल्यांदा मोठ्या झोपाळ्याच्या पाटावर आरास मांडली, गौरीचा झोपाळा मधोमध. झोपाळ्यावर झोपाळा. बायका आंब्याची डाळ आणि पन्हं घेत उभ्या, कारण बसायची जागा गौरीने अडवलेली. सासूबाईंना महिनाभर बंगई मिळाली नाही. सतराव्या दिवशी त्यांनी गौरीला विनंती केली, म्हणजे आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात. यंदा आरास एकच दिवस तिथे होती, मग देवघरात.

एक सावधगिरी. चक्कर येणाऱ्या माणसाला हा प्रकार जपून. माझ्या आईला मानेचा त्रास आहे, ती दोन झोक्यांत उतरली आणि तासभर पडून राहिली. घरात तसं कुणी असेल तर घ्यायच्या आधी बागेतल्या झोपाळ्यावर एकदा बसवून बघा.

आता भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी. गेल्या डिसेंबरात एका लग्नाला बडोद्याला गेलो होतो. बडोदं म्हणजे गायकवाडांचं, आमच्या त्या नातलगांचं घराणं तिथे तीन पिढ्या आहे, घरात मराठी बोलतात आणि 'हिंचको' गुजराथीत म्हणतात. त्यांच्या दिवाणखान्यात संखेड्याचा झोपाळा आहे, स्टँडवाला. संखेडा हे बडोद्याच्या बाजूचंच गाव, तिथलं लाखेचं लाकडी काम प्रसिद्ध आहे: सागाचे कातीव खांब, तांबडा-तपकिरी रंग आणि त्यावर सोन्यासारखी नक्षी. ती सोन्याची नसते. कथलाच्या रंगाने काढतात आणि वर लाखेचा थर चढला की सोनेरी दिसते. दिसायला अप्रतिम. भिंतीला, बीमला हात लावायचा नाही, घर बदललं की उचलून न्यायचा. नवऱ्याने घड्याळ लावलंच, लग्नघर असूनही. 10 झोक्यांना 24. स्टँडची उंची ती किती असणार? लहान मुलाच्या पाळण्यासारखा लगबग लगबग हलतो, आणि जोरात झोका घेतला तर खांब जागचे सरकतात. बसायला म्हणून छान, झुलायला म्हणून नाही. तरी भाड्याच्या घरात असते तर मी तोच घेतला असता. लोखंडी स्टँडचा वेताचा पिंजऱ्यासारखा झुला मिळतो तो घेऊ नका. त्यात एकच माणूस मावतं. झोपाळ्यावर एकट्यानेच बसायचं असेल तर खुर्ची काय वाईट आहे?

झोपाळा आल्यावर सहली बंद झाल्या का, असं मला ऑफिसात विचारतात. नाही झाल्या. उलट मला वाटलं होतं तसं हे दोन्ही एकमेकांच्या बदल्यात येत नाही. घरात 27 चा झोपाळा असला म्हणून 36 ची भूक भागत नाही, थोडी वाढते. बदललं ते एवढंच की आता राहण्याचं ठिकाण ठरवताना मी फोनवर वेगळे प्रश्न विचारते. पूर्वी विचारायचे, तिथून काय काय बघता येतं? आता विचारते, ओटी आहे का, दुपारी ऊन कुठल्या बाजूला असतं, आणि झोपाळा असेल तर तुळई किती उंच. शेवटच्या प्रश्नावर पलीकडे बहुतेक शांतता पसरते. हरिहरेश्वरच्या एका घरमालकांनी मात्र "थांबा, मोजून सांगतो" म्हटलं आणि खरंच टेप आणायला गेले. आम्ही तिथे चार दिवस राहिलो.

या मेमध्ये पुन्हा गुहागर. गोपाळगड राहिलाय, बामणघळ राहिलंय, दाभोळची फेरी राहिलीय. नवऱ्याने यंदाही तक्ता केला होता. सासूबाई पहिल्यांदाच बरोबर आल्या. त्यांनी ओटीवर पाय ठेवला, झोपाळ्याच्या कड्या हाताने चाचपल्या, वर तुळईकडे मान करून बघितलं आणि बसल्या. काकांनी ओळखलं, अडकित्ता बाजूला ठेवला. आम्ही दुर्गादेवीला जाऊन परत आलो तरी त्या तिथेच, काकूंशी गप्पा चाललेल्या, कुळीथ अमरावतीला करतात का याच्या. गोपाळगड याही वेळी राहिला.

घरच्या झोपाळ्याला मी पाचपैकी चार देते. एक कापला तो नडगीचा अर्धा आणि सुताराचा अर्धा. पाटाच्या चार कोपऱ्यांना पितळी टोप्या बसवायच्या ठरल्या होत्या, पैसेही घेतलेत, दोनच बसवल्यात. परवा फोन केला तर म्हणाला, "दसऱ्याला नक्की, ताई." कुठल्या ते विचारायचं राहिलं.